बेलिफ पाणी घेत नाही

त्याचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी दिसला तो खांदा. उजव्या खांद्यावर त्याच्या शर्टाचं कापड इतकं विरलं होतं की आता फक्त भोक पडायचंच बाकी होतं. रफूवाल्याच्या मुलीचं हे असंच असतं. लोक समोरच्याचे डोळे बघतात, आम्ही आधी कोपरं, खिसे आणि कॉलरी बघतो.

"पिशवीचा पट्टा त्या खांद्यावरून या खांद्यावर घ्या," मी म्हणाले. "नाहीतर हा शर्ट गेला म्हणून समजा."

दारात उभ्या असलेल्या त्या माणसानं स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या जड कापडी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे. बाहेर रणरणतं ऊन होतं. कपाळावरचा घाम ओघळून त्याच्या भुवईत अडकला होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"मी गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला. "कोर्टातून आलोय. बेलिफ आहे."

"का? बेलिफांचे शर्ट फाटत नाहीत?"

तो हसणार होता... पण हसू त्यानं ओठांवरूनच परत पाठवलं. "दुकानाचे मालक आहेत का? त्यांच्या नावाचं समन्स आहे."

"बाबा दोरा आणायला गेलेत. मी मुलगी त्यांची. द्या माझ्याकडे."

"तुमच्याकडे देता येतं, नाही असं नाही. पण माणूस गावातच असला तर मी त्याच्याच हातात देतो. उद्या येईन."

तेवढ्यात आतून आत्या आली, हातात पाण्याचा पेला घेऊन. बाबांच्या या थोरल्या बहिणीचा एकच कायदा होता. दारात आलेल्याला आधी पाणी, मग प्रश्न.

"नको," तो म्हणाला.

"अहो, नको काय? ओठ बघा किती वाळलेत!"

"खरंच नको. ज्या घरी कागद घेऊन जातो, त्या घरचं मी काही घेत नाही. पाणीसुद्धा." हे तो आत्याला सांगत होता, पण नजर त्या पेल्यावर होती. एक घोट त्यानं कोरडाच गिळला आणि तो उन्हात निघून गेला.

आत्याला हे फारच लागलं. "पाण्यात काय मी विष कालवलं होतं?" असं ती रात्री जेवतानाही म्हणाली. मी त्याचं नाव ठेवून टाकलं, कोरडे साहेब. आणि हो, इतक्या बोलण्यात तो मला एकदाही 'ताई' म्हणाला नव्हता. हे मी तिथल्या तिथे टिपून ठेवलं होतं.

आमचं दुकान रस्त्याच्या बाजूला आणि कामाची खोली मागे. त्या खोलीला एकच मोठी खिडकी होती, आजोबांनी पाडून घेतलेली. ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या अंगणावर उघडायची. तिच्यातून दिवसभर सारखा, शांत उजेड यायचा. ऊन नाही, नुसता उजेड. रफूला तोच लागतो. विजेच्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा धागा सारखाच दिसतो, आणि मग लग्नाच्या कोटावर जन्माचा डाग बसतो. बाबा त्या खिडकीशी बसायचे, मी त्यांच्या शेजारी, आणि आमच्यामागे भिंतभर मांडणी.

या मांडणीचा एक नियम होता. आलेल्या कपड्याला चिठ्ठी टाचायची, नंबर घालायचा आणि तो डाव्या टोकाला ठेवायचा. काम उजव्या टोकाकडून घ्यायचं. मध्ये कुणी घुसायचं नाही. मंत्र्याचा कोट आला तरी तो हमालाच्या सदऱ्यामागेच बसायचा. एकदा एक नवरदेव तर बाबांच्या पाया पडला होता, पण बाबा हलले नाहीत. बिचारा मित्राचा कोट घालून बोहल्यावर चढला आणि फोटोत अजून तसाच आहे, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कपडे पोचवून परत येत होते, तर तो आमच्या दारातून बाहेर पडताना दिसला.

"दिलं?" मी विचारलं.

"दिलं."

"आणि पाणी?"

"नाही घेतलं."

"आत्या रडली असेल."

"रडल्या नाहीत. बोलल्या. बरंच बोलल्या." आणि या वेळी ते हसू त्याला परत पाठवता आलं नाही. तो पुढे गेला तेव्हा मी पाहिलं, पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावर होता.

घरात येऊन मी बाबांना विचारलं, कसला कागद होता? "कोर्टाचा. मी बघतो," ते म्हणाले. बाबांनी 'मी बघतो' म्हटलं की आमच्या घरात तो विषय संपायचा. मीही मग विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष कागदापेक्षा तो आणणाऱ्याकडेच जास्त होतं.

टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ आहे. कोरडे साहेब तिथे पाणी प्यायचे. पिशवी गुडघ्यांत धरून, ओंजळ करून, घटाघटा. हे मला कळल्यापासून आमचे कपडे नेमके दुपारीच पोचवायचे असायला लागले. आत्या म्हणायची, "इतक्या उन्हात काय अडलंय?" मी म्हणायचे, "गिऱ्हाईक घाई करतंय."

"तुम्ही रोज याच रस्त्यानं जाता?" त्यानं एकदा विचारलं.

"रस्ता सरकारी आहे. तुम्ही?"

"नळ सरकारी आहे."

"म्हणजे सरकारी पाणी चालतं. आमच्याच पाण्याला काय झालंय?"

तो हात पुसत म्हणाला, "माझे वडीलही बेलिफ होते. असंच ऊन होतं. एका घरी समन्स घेऊन गेले, भोवळ आली, त्या लोकांनी बसवून चहा दिला. पुढे कोर्टात समोरच्या पक्षानं सांगितलं, हा माणूस यांच्या ओसरीवर चहा पीत बसला होता, याच्या अहवालावर कसा विश्वास ठेवायचा? सिद्ध काहीच झालं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी काहीही लिहून दिलं तरी वकील हसायचे. एका कपापायी..." तो थांबला. "त्यांनी मला काही शिकवलं नाही. मीच ठरवलं. ज्या घरी कागद दिला, त्याचा निकाल लागेपर्यंत तिथलं पाणी घ्यायचं नाही."

मी नुसता नळ सोडला आणि म्हणाले, "प्या अजून." तो वाकला, प्यायला, आणि ओल्या हातांनी पिशवी उचलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तो नळाशी आला, पण पाणी प्यायला वाकलाच नाही.

"मी हे विचारू नये," तो म्हणाला. "आमच्या कामात बसत नाही ते. पण आज फायली वरून खाली नेताना मी सहज पाहिलं... तुमच्या वडिलांची कैफियत का नाही आली?"

"कसली कैफियत?"

त्याचा चेहरा उतरला. "समन्सवर लेखी उत्तर द्यायचं असतं. मुदत असते त्याला. ती... संपली. वकील लावलाय ना तुम्ही?"

मी तशीच धावत सुटले. एक चप्पल रस्त्यात राहिली, ती नंतर त्यानंच आत्याकडे आणून दिली म्हणे. अर्थात पाणी न पिता.

घरी येऊन मी कपाट उघडलं, गादीखाली पाहिलं, देण्या-घेण्याच्या कागदांचा डबा उपसला. समन्स कुठेच नव्हतं. मग सहज मांडणीकडे नजर गेली. मांडणीच्या मध्यावर, एक करडा कोट आणि कुणाची तरी शाल यांच्यामध्ये, लांबट घडीचा एक कागद नीट ठेवलेला होता. कागदाला टाचणी, टाचणीला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.

"बाबा, हे काय?"

"समन्स आहे ते."

"ते मला दिसतंय. पण इथे काय करतंय?"

"त्याचा नंबर यायचाय," बाबा शांतपणे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात आला असता."

मला आधी हसू फुटलं. खरंच, खो खो हसले मी, आणि हसता हसताच रडायला लागले. "अहो बाबा, हा काय कपडा आहे? याला मुदत असते! इथे वरच लिहिलंय, तीस दिवसांत उत्तर द्या म्हणून!"

बाबांच्या हातात सुई होती, तिच्यात दोरा नव्हता. ते खिडकीकडे तोंड करून तसेच बसून राहिले. "बारीक लिहिलंय गं," ते म्हणाले.

कितीतरी गोष्टी एकदम समोर आल्या. वर्षभर सगळं नाजूक काम माझ्याकडे येत होतं, 'तुझा हात बसायला हवा' म्हणून. सुईत दोरा मी ओवायचा. 'हा कुठला करडा गं?' असं ते सहज विचारल्यासारखं विचारायचे. आणि इतक्या वेळा दोरा आणायला जाऊनही घरात दोरा वाढत नव्हता.

"डोळ्यांच्या दवाखान्यात जात होता तुम्ही."

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. चष्म्यानं भागणारं नाही म्हणतात. कुणाला बोलू नकोस. रफूवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर कोण आपला कपडा देईल?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि समन्ससोबत आलेला दावा मोठ्यानं वाचून दाखवला. दावा शेजारच्या डॉक्टरांनी लावला होता. प्रतिवादी, म्हणजे माझे बाबा, दिवसभर खिडकीत बसून वादीच्या अंगणात टक लावून पाहतात. त्यामुळे वादीच्या आजारी पत्नीला अंगणात बसणं अशक्य झालं आहे. तरी ही खिडकी कायमची बंद करावी.

"टक लावून?" बाबांनी विचारलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी सुई गादीत टोचून ठेवली आणि त्या दिवशी परत हातात घेतली नाही.

वकीलकाका आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांना तेवढं डोळ्यांचं बाबांनीच सांगितलं. त्यांच्या काळ्या कोटाची दोन्ही कोपरं आमच्याच हातची. त्यांनी कोर्टात जाऊन फाईल पाहिली आणि हात चोळत परत आले. सोबत नव्या कागदाचा मसुदाही घेऊन आले.

"काम झालं!" ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "ही समन्सच्या पोचेची नक्कल, तिच्यावरची सही बघ. तिरकी, ओळीच्या खाली, अर्धी कागदाबाहेर. बँकेतल्या सहीशी कुठे जुळतच नाही. आपण म्हणायचं, समन्स मिळालंच नाही. सही बेलिफानं घरी बसून ठोकली. मुदतीचा प्रश्नच मिटला. रोज करतात लोक."

"आणि बेलिफाचं काय होईल?"

"होईल चौकशी. मला काय त्याचं? तुला खिडकी हवी आहे की बेलिफ?"

काकांनी हे आपलं बोलायचं म्हणून विचारलं होतं. मी मात्र तो मसुदा उलटा करून ठेवला.

"दुसरा काही रस्ता नाही?"

"आहे ना. खरं सांगायचं. भर कोर्टात, सगळ्यांदेखत, की मला दिसत नाही म्हणून वाचता आलं नाही. मग खिडकी राहील कदाचित. पण दुकान राहील का, ते तूच सांग."

दुसऱ्या दिवशी मी नळाशी गेले. लपवून ठेवणं मला जमणारं नव्हतं. मी सगळं सांगितलं. डोळ्यांचं सोडून. ते माझं नव्हतं.

त्यानं नळ बंद केला. ओंजळीतलं पाणी तसंच खाली सोडून दिलं.

"म्हणा तसं," तो म्हणाला.

"काय?"

"मला विचारलं तर मी खरं काय झालं तेच सांगेन, ते बदलणार नाही. पण तुम्ही तसं म्हणालात तर... मी रागावणार नाही."

"आणि तुमची नोकरी गेली तर?"

"तर काय, शर्ट तरी टिकतील." हा विनोद होता. आम्ही दोघंही हसलो नाही.

"असं कसं म्हणता हो तुम्ही? एक कप चहासाठी तुमच्या वडिलांचं काय झालं ते तुम्हीच सांगितलंत ना मला!"

तो पिशवी उचलून निघाला. चार पावलं गेला आणि वळला. "खिडकी बंद झाली," त्यानं विचारलं, "तर तुम्ही कुठे बसाल?"

तो मला आवडत होता, हे मला ठाऊकच होतं. कुणाला ठाऊक नव्हतं? आत्यालाही चप्पल घेताना कळलं होतं. पण त्या प्रश्नानं मला कळलं की हे आता आवडण्याच्या पुढे गेलंय. मला त्याचा राग आला आणि रडू आलं. त्याच्यासाठी बाबांना उघडं पाडायचं, की बाबांसाठी त्याला खोटं पाडायचं? मी नळाशी तशीच उभी राहिले. मागे बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका कुरकुरायला लागल्या तेव्हा भानावर आले.

मसुद्यावर सही बाबांची लागणार होती, आणि तो वाचून दाखवणार होते मी. संध्याकाळी खिडकीतला उजेड कमी होत होता. एकदा मनात आलं, काय वाचायचं ते माझ्या हातात आहे. बाबांना कुठे दिसणार? पण मी जसंच्या तसं वाचलं. "मला सदर समन्स कधीही मिळाले नाही. त्यावरील सही माझी नाही. बेलिफाचा अहवाल खोटा आहे."

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. या वेळी शेवटच्या वाक्यावर माझा आवाज फाटला. बाबांनी मान वळवली. ते आता माझ्याकडे पाहताना जरा बाजूला पाहायचे, कडेनं दिसावं म्हणून. तसं पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं.

"त्या मुलानं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "'काका, वाचून दाखवू का?' म्हणाला. दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही गरज नाही, मला दिसतंय." ते थांबले. "सहीची जागाही त्यानंच बोटानं दाखवली. तरी चुकली माझी. तो काही बोलला नाही. त्याला कळलं असेल तेव्हाच."

म्हणजे त्याला माहीत होतं! नळाशी मी जे लपवलं, ते त्यानंही लपवलं होतं. नोकरी जायची वेळ आली तरी त्याच्या तोंडून माझ्या बाबांच्या डोळ्यांबद्दल शब्द निघाला नव्हता.

"फाड तो कागद," बाबा म्हणाले. "माझं खोटं मी एकट्यानं निभावलं असतं गं. दुसऱ्याच्या अंगावर ते टाकायचं नाही."

"पण दुकान, बाबा..."

"दुकानात तू आहेस ना? वर्षभर सगळं काम तुझंच जातंय. लोकांना आवडतंय. फक्त त्यांना सांगायचं राहिलंय."

कोर्टाच्या खोलीत पंखा होता, पण वारा न्यायाधीशबाईंपर्यंतच पोचत होता. बाकावर आमच्या बाजारातली निम्मी माणसं होती. पलीकडे डॉक्टर, ताठ बसलेले. आणि मागच्या भिंतीशी तो, पिशवी डाव्या खांद्यावर.

वकीलकाकांनी अर्ज दिला. न्यायाधीशबाईंनी तो वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि बाबांना पुढे बोलावलं. मी हात धरून नेणार होते, पण बाबांनी हात सोडवून घेतला.

"समन्स तुम्हाला मिळालं होतं?"

"मिळालं, साहेब. सही माझीच आहे. तिरकी आहे, पण माझीच."

"मग उत्तर का दिलं नाही?"

"नंबर आला नव्हता."

बाई बघतच राहिल्या. बाबांनी मग मांडणीचं सगळं समजावून सांगितलं. डावं टोक, उजवं टोक, चिठ्ठी, टाचणी. कोर्टात खसखस पिकली. बाईंच्या ओठांची कडही हलली, पण त्यांनी ती लगेच आवरली. "त्यावर मुदत छापलेली असते. ती वाचली नाहीत?"

बाबांनी एकदा खोल श्वास घेतला.

"मला दिसत नाही, साहेब," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "वर्ष झालं. समोरचं काही दिसत नाही. तुमचा आवाज येतो तिथे मला नुसतं धुकं आहे. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही. बेलिफानं वाचून दाखवू का म्हणून विचारलं होतं, मीच नको म्हटलं. त्याची काही चूक नाही."

हसू थांबलं. मी मागे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता आणि पिशवीचा पट्टा त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

न्यायाधीशबाईंनी कागदावर लिहिलं. उशीर माफ, कैफियत दाखल करून घ्यावी. मग पेन ठेवून म्हणाल्या, "यापुढे कोर्टाचा कागद आला तर त्याला रांग नाही, काका. तो सगळ्यांच्या पुढे." बाबांनी हात जोडले, जरा चुकीच्या दिशेला.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर आमच्या मागून आले. त्यांचा ताठपणा कुठे गेला होता कोण जाणे.

"मी अंगणातून तुम्हाला हात केला होता," ते बाबांना म्हणाले. "दोनदा. म्हटलं, बाजूला व्हा, बायकोला संकोच वाटतो. तुम्ही हलला नाहीत. सरळ बघत राहिलात. मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे..."

"मी तुमच्याकडे पाहत नव्हतो हो," बाबा म्हणाले. "तुमचं अंगण म्हणजे मला नुसता उजेड. तेवढाच उरलाय. म्हणून त्याच्याकडे तोंड करून बसतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. दातांच्या डॉक्टरांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी ते दुसऱ्यांना रडवतात.

तोडगा मग सोपा होता. खिडकीच्या खालच्या तावदानांना दुधी काच लावायची, वरची तशीच ठेवायची. उजेड वरूनही येतो. काच डॉक्टरांनीच बसवून दिली. आत्यानं काच लावणाऱ्याला तीनदा पाणी दिलं. पहिल्याच सकाळी पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग डॉक्टरीणबाईंचं खोकणं. त्या कितीतरी महिन्यांनी अंगणात येऊन बसल्या होत्या. बाबा कान देऊन ऐकत राहिले.

आणि दुकान? पहिल्या आठवड्यात काही गिऱ्हाइकं आपले कपडे परत घेऊन गेली. ते पाहणं सोपं नव्हतं. बाबा प्रत्येकाचा कपडा स्वतः घडी घालून देत होते. मग वकीलकाकांनी त्यांचा कोट आणला आणि भर दुकानात सगळ्यांना कोपर दाखवून विचारलं, "सांगा, इथे कुठे फाटलं होतं? वर्षापूर्वी हे या पोरीनं केलंय!" कुणालाच सापडलं नाही. हळूहळू मांडणी परत भरली.

फक्त तो आला नाही. नळाशीही नाही. मी उन्हात दोनदा, तीनदा, उगाचच जाऊन आले. बदली झाली असेल? की सगळं संपल्यावर आता त्याला काही कारणच उरलं नसेल? आत्या विचारायची, "कुठलं गिऱ्हाईक गं?" मी म्हणायचे, "कुठलंच नाही."

मग एका दुपारी दारात सावली पडली. मी मान वर केली. या वेळी मी आधी चेहराच पाहिला.

"काम आहे," तो म्हणाला.

"पुन्हा समन्स?"

"नाही." त्यानं पिशवी खांद्यावरून उतरवली. "डॉक्टरांनी दावा मागे घेतला. तसा हुकूम आज झाला, फाईल बंद झाली. मी वाट बघत होतो... ती बंद व्हायची. आता या घराशी कोर्टाचं काही काम नाही. माझंही नाही. म्हणजे... कोर्टाचं नाही." त्यानं घाम पुसला. "पाणी मिळेल?"

मी उठले. आतून आत्या पेला घेऊन निघाली होती. मी तो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. त्याला देताना बोटांना बोटं लागली आणि थोडं पाणी दोघांच्या हातांवर सांडलं. तो उभ्यानंच प्यायला. डोळे मिटून, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. नळाशी तो असा कधीच प्यायला नव्हता.

"अजून?" मी विचारलं.

"अजून. आणि..." त्यानं पिशवीतून घडी घातलेला शर्ट काढला. तोच शर्ट. उजव्या खांद्यावर अखेर भोक पडलंच होतं. "हा द्यायचाय. आणि एक विचारायचंय. शर्टाचं आधी नाही झालं तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र..."

"लेखी हवंय?"

"तोंडी चालेल."

मी शर्ट घेतला. टाचणी घेतली, चिठ्ठी घेतली. टाचणी बोटालाच टोचली. "आमच्याकडे सगळ्याला नंबर असतो," मी म्हणाले. "रांग मोठी आहे. थांबावं लागेल."

"थांबतो," तो म्हणाला. "मला सवय आहे."

खिडकीशी बाबा बसले होते, वरच्या उजेडाकडे तोंड करून. त्यांनी मान वळवली नाही.

"अगं, त्याला कसला नंबर देतेस?" ते म्हणाले. "एकदा मुदत चुकवून पाहिलीय आपण. त्याचं उत्तर आत्ताच देऊन टाक."

मी चिठ्ठी चुरगाळली. त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि म्हणाले, "हो." मग दुसरं पाणी आणायला आत गेले.